कणाद

बोर्डिंग पासवर त्याचं नाव होतं,
सीट नव्हती.
आठ महिने, सात किलो नऊशे ग्रॅम.
माझी मांडी हाच त्याचा आसन क्रमांक.

नागपूरला तपासणीत नाचणीसत्त्वाचा डबा
गणवेशातल्या बाईने नाकाशी नेला,
मग गणवेशात हसता येतं तेवढंच हसून म्हणाली,
"भाजताना जरा जास्त झालंय."
सासूबाईंना हे सांगितलं नाही.
त्यांनी बॅगेत वेखंडाचा तुकडा, जायफळ
आणि दोन कानटोप्या घातल्या होत्या.
गोव्याला. मार्चमध्ये.

विमान चढताना पाजत राहा, कान दुखत नाहीत,
डॉक्टर म्हणाले होते.
पण धावपट्टीवरच बावीस मिनिटं गेली,
तो पिऊन, पोट भरून, झोपला,
आणि चाकं सुटली तेव्हा त्याचं तोंड घट्ट मिटलेलं.
मी गालावर टिचक्या मारते, तळवे खाजवते,
ऊठ रे राजा, ऊठ, कान.
शेजारचा माणूस लॅपटॉप मिटून
ढगांकडे बघू लागला.
तो रडला नाही. मीच रडले.
सुबोधने का ते विचारलं नाही,
बाळाचा ओला टिश्यू पुढे केला.

बेताळभाटीला एर्मेलिंदाबाईंच्या
मागच्या दोन खोल्या.
"भुरग्याक ऊन उदक जाय मगो,"
म्हणत तिने चुलीवर भाण चढवलं.
भाषा अर्धी कळली,
पाणी पूर्ण.

समुद्र दाखवायचा होता त्याला.
ऊन चढायच्या आत,
एकेका काखेत एकेकाने हात घालून
आम्ही त्याला उभं केलं, झेंडावंदनासारखं.
बघ. बघ केवढा मोठ्ठा.
त्याने बघितला सुबोधच्या चपलेचा अंगठा.
मग एक कुत्रा.
मग पुन्हा अंगठा.
समुद्र आपलं काम करत राहिला.

आणि मग मूठ, आणि मूठ तोंडात.
मी बोट घालून वाळू उपसली, तो चावला,
खालचे दोन दात, नवेकोरे.
बारशाला आजोबांनी नावाचा अर्थ सांगितला होता,
कण खाऊन जगणारा ऋषी,
सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.
आता खा.

शेवटच्या संध्याकाळी सुबोध म्हणाला,
तू जा ना, मी घेतो.
आठ महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही हात रिकामे,
कुठे ठेवायचे कळेना.
घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत.
लाट परतताना पायाखालची वाळू
हळूच काढून नेत होती,
झोपलेल्याची उशी काढावी तशी.
मी एकटी होते. मोजून चार लाटा.
पाचवीला, ऐकू तर काहीच आलं नव्हतं,
एवढ्या आवाजात येणार कसं,
छातीत कळ आली आणि पान्हा फुटला.
कुर्ता वरून खाली भिजत निघाला,
खालून वर समुद्राने भिजवला होताच,
मध्ये वीतभर कोरडी पट्टी.
वळून बघते तर तो लालबुंद,
आणि सुबोध त्याला विमान करून फिरवतोय,
तोंडाने इंजिनाचा आवाज काढत,
स्वतःच घाबरलेला.

धावले.
पाण्यात धावता येत नाही
हे ठाऊक नव्हतं, आम्ही नागपूरचे.

खारट लागलं असणार.
तोंड सोडून त्याने एकदा वर बघितलं,
वरणात मीठ जास्त झालं की सासरे घालतात
तशी आठी घालून,
आणि पुन्हा लागला.

घरी सासूबाईंनी दुपटं गॅलरीत झटकलं,
चमचाभर वाळू पडली.
"कानटोप्या लागल्या का?"
"एक लागली. परतीच्या विमानात."
त्या काही बोलल्या नाहीत, जिंकल्या होत्या.
मग म्हणाल्या, "आणि समुद्र? आवडला का त्याला?"
सुबोध म्हणाला,
"चप्पल आवडली."